अंगावरची अक्षरे : अमेरिकन साहित्यातील ओळख आणि प्रतीक



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर पुस्तक हातात धरून शिकवत राहिले. म्हणून आज सिद्धान्त बाजूला ठेवतो आणि पुस्तकेच उघडतो. तासाभरात सगळे अमेरिकन साहित्य आवरणार नाही, तसा प्रयत्नही मी करणार नाही. मोजकी पुस्तके घेऊ, पण त्यांतली काही पाने अगदी जवळून पाहू.

माझे म्हणणे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला ते पारखून घेता येईल. अमेरिकन साहित्यातली जी प्रतीके मला सगळ्यांत खोल वाटतात, ती माणसाच्या अंगावर आहेत. छातीवर, पाठीवर, कातडीवर. आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या कोणीतरी उमटवलेली आहेत. म्हणून तिथे ओळखीचा प्रश्न 'मी कोण' असा सरळ येतच नाही. तो असा येतो : ही खूण केली कोणी? तिचा अर्थ लावतो कोण? आणि ज्याच्या अंगावर ती आहे, त्याला ती वाचता येते का?

सुरुवात नथॅनिएल हॉथॉर्नपासून करू. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावाचा हा माणूस. तिथल्या जकात कचेरीत तो नोकरीला होता. सरकार बदलले आणि 1849 मध्ये ती नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, 1850 मध्ये, 'द स्कार्लेट लेटर' प्रसिद्ध झाली. या गावात 1692 मध्ये चेटकिणींचे खटले चालले. एकोणीस माणसे फासावर गेली. त्या खटल्यांतल्या न्यायाधीशांपैकी एक जॉन हॅथॉर्न, आपल्या लेखकाचा थेट पूर्वज. आपल्या आडनावात एक अक्षर घालून लेखकाने त्याचे स्पेलिंग बदलून घेतले. पूर्वजांच्या कृत्यांची लाज त्याने लपवली नाही, कादंबरीच्या प्रस्तावनेतच ती लिहून ठेवली.

कथा लेखकाच्या काळाच्याही दोनशे वर्षे आधीच्या बॉस्टनची आहे. हेस्टर प्रिन नावाच्या बाईला नवरा जवळ नसताना मूल झाले. शिक्षा अशी की, व्यभिचाराचे पहिले अक्षर, 'ए', तिने आयुष्यभर छातीवर वागवायचे. तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन ती तुरुंगाच्या दारातून बाहेर येते आणि गर्दीची नजर त्या अक्षरावर खिळते. लाल कापडावर सोनेरी जरीने ते अक्षर तिने इतके देखणे भरले आहे की, जमलेल्या बायका चिडतात. ही शिक्षा आहे की दागिना, असे त्यांना वाटते. अक्षर न्यायाधीशांचे, पण टाके तिचे! या एका तपशिलात हॉथॉर्नने सगळी कादंबरी ठेवली आहे.

पुढे ती गावाबाहेर समुद्रकाठच्या झोपडीत राहते आणि शिवणकामावर पोट भरते. गव्हर्नरच्या गळ्याभोवतीच्या झालरी ती करते, बाळांची अंगडी करते, प्रेतावरची वस्त्रेही करते. फक्त नवरीच्या बुरख्याचे काम तिला कोणी देत नाही. आपला सगळा व्यवहार जिच्या बोटांवर चालतो, तिची सावली लग्नावर मात्र पडू द्यायची नाही. समाज म्हणून आपण कसे वागतो हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

आणि मग वर्षे जातात. ती आजाऱ्यांच्या उशाशी बसते, गरिबांना अन्न नेते. लोक त्याच अक्षराचा अर्थ बदलू लागतात. 'ए' म्हणजे समर्थ, कर्तबगार, असे म्हणू लागतात. एका रात्री आकाशात उल्का चमकते आणि तिच्यातही अक्षर दिसते. धर्मगुरू डिम्सडेल, म्हणजे त्या मुलीचा बाप, त्याला वाटते आपले पाप आभाळावर लिहिले गेले. गावकऱ्यांना त्याच अक्षरात देवदूत दिसतो, कारण त्या रात्री त्यांचा गव्हर्नर वारलेला असतो. एकच खूण, आणि वाचणारे निराळे.

पण मला सगळ्यांत अस्वस्थ करतो तो जंगलातला प्रसंग. हेस्टर ते अक्षर काढून फेकून देते, केस मोकळे सोडते, क्षणभर पूर्वीची तरुण बाई होते. ओढ्यापलीकडे तिची मुलगी पर्ल उभी आहे. आई बोलावते, मुलगी येत नाही. अक्षर पुन्हा छातीवर लागेपर्यंत ती आईला आई मानायला तयार नाही. दुसऱ्याने लादलेली खूण अशी आत मुरते. ती उतरवली तर आपलेच माणूस आपल्याला ओळखत नाही. शेवटी हेस्टर परदेशातून परत येते आणि तेच अक्षर पुन्हा लावते. या वेळी कोणी सांगितलेले नाही. हा पराभव की विजय? मला वाटते, हॉथॉर्नने मुद्दाम ठरवू दिलेले नाही.

दुसऱ्याच वर्षी, 1851 मध्ये, हर्मन मेल्व्हिलची 'मोबी डिक' आली आणि ती त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली. पांढऱ्या देवमाशाबद्दल इतके लिहिले गेले आहे की, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला दोन लहान गोष्टी दाखवायच्या आहेत.

पहिली म्हणजे सोन्याचे नाणे. कप्तान एहॅब ते डोलकाठीवर खिळ्याने ठोकतो. देवमासा जो पहिल्यांदा पाहील त्याला ते मिळणार. मग एका प्रकरणात जहाजावरचे लोक एकामागून एक त्या नाण्यासमोर येऊन उभे राहतात. नाण्यावर डोंगर, मनोरा, कोंबडा कोरलेला आहे. एहॅबला त्या सगळ्यांत एहॅब दिसतो. श्रद्धाळू स्टारबकला देवाची खूण दिसते. तिसरा अधिकारी फ्लास्क सोळा डॉलरमध्ये किती सिगार येतील याचा हिशेब करतो. शेवटी पिप येतो. काळा पोरगा, समुद्रात एकटा सोडला गेल्यामुळे मन ढळलेला. तो नाण्याकडे पाहून व्याकरणाचे पाठ म्हणावेत तसे क्रियापद चालवतो : मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो. जहाजावर ज्याला कोणी मोजत नाही, त्या पोराने पाहण्याचा सगळा खेळ उघडा केला. प्रतीकाबद्दल इतके शहाणे पान माझ्या वाचनात दुसरे नाही.

दुसरी गोष्ट क्वीक्वेगची. दक्षिण समुद्रातल्या बेटावरचा हा भालाफेक्या, अंगभर गोंदलेला. त्याच्या बेटावरच्या एका द्रष्ट्याने आकाश आणि पृथ्वीचे सगळे ज्ञान त्याच्या कातडीवर लिहिले आहे. आणि क्वीक्वेगला ते वाचता येत नाही! स्वतःच्या अंगावरचा ग्रंथ स्वतःलाच बंद. आजारी पडल्यावर तो शवपेटी करून घेतो. बरा झाल्यावर त्या पेटीच्या झाकणावर अंगावरची गोंदणे कोरत बसतो. वाचता आले नाही, पण उतरवून ठेवता आले. जहाज बुडते तेव्हा सगळे मरतात आणि इश्माएल नावाचा एकटा निवेदक वाचतो, तो त्याच पेटीला धरून. ज्याला गोरे प्रवासी रानटी म्हणत होते, त्याच्या अंगावरच्या अक्षरांनी कथा सांगणारा तरला. मेल्व्हिल हयात असताना या कादंबरीला वाचक फार थोडे मिळाले. 1891 मध्ये तो गेला आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी लोकांनी ती पुन्हा उघडली.

इथे थोडे थांबून एक तक्रार करतो. आपल्या महाविद्यालयांत ही पुस्तके शिकवली जातात ती बाजारातल्या मार्गदर्शिकांतून. त्यांत एका रकान्यात प्रतीक असते, समोरच्या रकान्यात अर्थ. हिरवा दिवा म्हणजे स्वप्न, नदी म्हणजे स्वातंत्र्य, पांढरा रंग म्हणजे अमुक. हिरवा दिवा म्हणजे 1925 च्या 'द ग्रेट गॅट्सबी'मधला, खाडीपलीकडच्या धक्क्यावरचा. त्याचा अर्थ पाठ करून मुले परीक्षेत लिहितात. पण तो दिवा पाहणारा माणूस मुळात नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ आहे, आणि सतराव्या वर्षी एका धनिकाची नौका पाहून त्याने स्वतःचे नावच बदलून टाकले, हे रकान्यात मावत नाही. दिवा कसला, हे ज्याने त्याने शोधावे. तो पाहतो कोण, हे मात्र सुटता कामा नये.

नाव बदलण्यावरून फ्रेडरिक डग्लसकडे येतो. गुलामगिरीतून पळालेल्या या माणसाचे आत्मचरित्र 1845 मध्ये बॉस्टनला छापले गेले. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला तेव्हा त्याचे आडनाव बेली. 1838 मध्ये पळून न्यूयॉर्कला आला तेव्हा ओळख लपवायला जॉन्सन झाला. पुढे न्यू बेडफर्डला गेला, तर तिथे जॉन्सन इतके की कोण कोणता कळेना. ज्यांनी आसरा दिला ते नेथन जॉन्सन त्या वेळी वॉल्टर स्कॉटचे 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य वाचत होते. त्यातले नाव त्यांनी सुचवले. याने एकच अट घातली : फ्रेडरिक राहू द्या. स्वतःच्या ओळखीतला एक धागा तरी तुटू नये म्हणून.

आणि हा माणूस लिहायला कसा शिकला? बाल्टिमोरमध्ये मालकिणीने मुळाक्षरे दाखवायला सुरुवात केली होती, मालकाने ती थांबवली. वाचायला आले की गुलाम गुलाम राहत नाही, हे मालकाला पक्के माहीत होते. मग हा मुलगा गोदीत गेला. तिथे जहाजाच्या फळ्यांवर सुतार खुणा करत. डाव्या बाजूच्या फळीवर एक अक्षर, उजव्या बाजूच्या फळीवर दुसरे, पुढच्या भागाला तिसरे. त्या लाकडावरच्या खुणा गिरवत तो अक्षरे शिकला. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना, मलाही तुमच्यासारखे लिहिता येते, असे डिवचून बाकीची शिकला. त्या पुस्तकात एक जागा आहे, ती वाचल्यावर मला पुस्तक खाली ठेवावे लागले. लहानपणी थंडीने पायांना इतक्या भेगा पडत की, आता ज्या लेखणीने हे लिहितो आहे ती त्या भेगेत मावेल, असे तो सांगतो. जखमेचे माप लेखणीने! मघाशी मी अंगावरच्या खुणांबद्दल बोललो. इथे अंगावर खूण असलेला माणूस पहिल्यांदा स्वतः लेखणी धरून बसला आहे. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर मुद्दाम छापावे लागले की, हे त्याने स्वतः लिहिले आहे. कारण गुलामाला लिहिता येते यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता.

जाता जाता एक तुलना. बरोबर दहा वर्षांनी, 1855 मध्ये, वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्हज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्या शीर्षकपृष्ठावर कवीचे नावच नाही, समोर फक्त त्याचे चित्र. व्हिटमन माझा आवडता कवी आहे, सगळ्यांना आपल्यात सामावून घेण्याची त्याची ओढ खरी आहे. तरीही विचारावेसे वाटते, नाव न घालण्याची चैन कोणाला परवडते? ज्याच्या नावावर कधी कोणी हक्क सांगितला नाही, त्यालाच ना?

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, 1903 मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' लिहिले. काळा माणूस स्वतःला सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो, एका देहात दोन मने वागवतो, हा विचार त्यांनी मांडला. ते पुस्तक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मी त्याच्यावरून पुढे जातो, कारण राल्फ एलिसन यांच्यापाशी जास्त वेळ थांबायचे आहे.

'इनव्हिजिबल मॅन' ही कादंबरी 1952 ची. पुढच्या वर्षी तिला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. निवेदकाला नाव नाही. लोक त्याच्याकडे पाहतात, त्याला मात्र पाहत नाहीत. तो एका तळघरात 1,369 दिवे लावून राहतो. आपण आहोत हे स्वतःला दिसावे, म्हणून एवढा उजेड.

हा तरुण न्यूयॉर्कमध्ये रंगाच्या कारखान्यात लागतो. कारखान्याचे नाव लिबर्टी पेंट्स, आणि तिथला सगळ्यांत प्रसिद्ध रंग पांढरा. साहेब त्याला काम दाखवतो. पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक डब्यात काळ्या द्रावणाचे दहा थेंब टाकायचे आणि काळे दिसेनासे होईपर्यंत ढवळायचे. मगच तो लखलखीत पांढरा होतो. आणि हा रंग जाणार कुठे? राजधानीतल्या राष्ट्रीय स्मारकावर. तळघरात ल्युशियस ब्रॉकवे नावाचा म्हातारा काळा कामगार आहे. रंगाचा मूळ द्रव त्याच्या हाताखालून जातो, नळ कुठून कुठे गेले आहेत ते त्यालाच ठाऊक. वरच्या मजल्यावरच्या कोणालाही त्याची आठवण नसते. अर्थ सांगायची गरज आहे? एलिसन यांनी एक शब्द समजावून सांगितलेला नाही. डबा, थेंब, ढवळणी, एवढेच दाखवले.

दुसरी वस्तू म्हणजे त्याची चामड्याची बॅग. शाळेतून बाहेर पडताना गावातल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी ती त्याला बक्षीस दिली. त्याआधी त्याला आणि त्याच्यासारख्या पोरांना डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांशी मारामारी करायला लावली होती. मग आयुष्यभर तो या बॅगेत मिळेल ते ठेवत जातो. शाळेचे प्रमाणपत्र. चळवळीतल्या मित्राने रस्त्यावर विकलेली काळ्या माणसाची चेष्टा करणारी कागदी बाहुली. एक निनावी धमकीपत्र. आणि ब्रदरहुड नावाच्या संघटनेने नवे नाव दिले, त्याची चिठ्ठी. दंगलीच्या रात्री तो एका भुयारात पडतो. मिट्ट काळोख. वाट दिसावी म्हणून बॅगेतले एकेक काढून जाळतो. प्रमाणपत्र जळते, बाहुली जळते. मग धमकीपत्र. मग नव्या नावाची चिठ्ठी. आणि त्या जळत्या उजेडात त्याला दिसते की दोन्ही कागदांवरचे हस्ताक्षर एकच आहे. ज्याने नाव दिले, त्यानेच धमकावले. दुसऱ्याच्या हातून मिळालेल्या ओळखीबद्दल याहून कठोर काही कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. आणि प्रकाश कशातून मिळाला? तीच ओळख जाळून.

आता टोनी मॉरिसन. नोबेल 1993 चे. त्याआधी त्या रँडम हाउसमध्ये संपादक होत्या आणि 1974 मध्ये 'द ब्लॅक बुक' नावाचे संकलन त्यांच्या हातून गेले. त्या कामात मार्गारेट गार्नरची बातमी त्यांना सापडली. 1856 मध्ये ही गुलाम स्त्री केंटकीतून मुलांसह पळाली, पकडणारे दारात आले तेव्हा मुलीने गुलामीत परत जाऊ नये म्हणून तिने मुलीचा गळा कापला. त्यातून 1987 ची 'बिलव्हेड' उभी राहिली.

कादंबरीतल्या सेथच्या पाठीवर चाबकाचे वळ आहेत. ते तिने स्वतः कधी पाहिलेले नाहीत. पाठीची कातडी बधिर झाली आहे. पळताना तिला वाटेत भेटलेली गोरी गरीब मुलगी ॲमी ते पाहते आणि म्हणते, हे तर जंगली चेरीचे झाड आहे, हे खोड, ह्या फांद्या, हा मोहोर. सासूला रक्ताची फुले दिसतात आणि ती तोंडावर हात ठेवते. अठरा वर्षांनी पॉल डी भेटतो, त्या पाठीवर ओठ टेकतो, आणि थोड्या वेळाने त्यालाच वाटते की कसले झाड, हे तर नुसते किळसवाणे व्रण. मेल्व्हिलचे नाणे आठवा. पण तिथे ठोकलेले होते सोने. इथे बाईची पाठ आहे, आणि वाचन कितीही सुंदर असले तरी ते तिच्या पाठीवर चालले आहे.

सेथच्या लहानपणी तिच्या आईने तिला आडोशाला नेऊन स्तनाखालचा डाग दाखवला होता : तापल्या लोखंडाने उमटवलेले वर्तुळ आणि त्यात फुली. माझे काही बरेवाईट झाले आणि चेहरा ओळखू आला नाही, तर या खुणेवरून ओळख, असे आई सांगते. पोर म्हणते, मग मलाही अशी खूण कर. आई थोबाडीत मारते. मालकी दाखवायला उमटवलेला डाग हीच माय-लेकीची ओळखीची खूण झाली आहे, आणि लेक तीच मागते आहे. तो फटका का, हे सेथला स्वतःच्या अंगावर खूण झाल्यावर कळते.

आणि एक गोष्ट. मळ्यावर नवा मालक येतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो आपल्या पोरांना वहीत लिहायला लावतो : एका बाजूला सेथचे माणसासारखे गुण, दुसऱ्या बाजूला जनावरासारखे. सेथ ते चोरून ऐकते. ज्या शाईने ते लिहिले जाते, ती शाई तिनेच करून दिलेली असते. पुढे कित्येक वर्षांनी ती पॉल डीला हेच सांगते, की शाई मी केली होती. चाबकाहून हे तिला जास्त लागलेले आहे.

मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या 1976 च्या 'द वुमन वॉरियर'मध्येही पाठ येते. तिथे चिनी दंतकथेतल्या लढवय्या मुलीच्या पाठीवर तिचे आईबापच कुळाच्या तक्रारी सुरीने कोरतात. वेदना तीच, पण हात आपल्या माणसांचा. चाबूक मारणाऱ्याचा हात आणि आईबापाचा हात यांत फरक आहे की नाही, हा प्रश्न त्या पुस्तकाने मला दिला. उत्तर अजून माझ्यापाशी नाही.

श्रोतेहो, हे साहित्य महाराष्ट्राला परके नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि डु बॉइस यांनी उत्तर दिले. 1972 मध्ये मुंबईत तरुण लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर ठेवले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'भोवती लेखकांची पिढी उभी राहिली. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्यावर मराठीत लिहिले. ज्यांच्या अंगावर दुसऱ्यांनी खुणा केल्या त्या माणसांनी लेखणी हातात घेतली की काय होते, हे मराठी वाचकाने आपल्या भाषेत पाहिले आहे. म्हणून मास्तरची ती वही आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

शेवटची माहिती सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या रँडॉल्फ काउंटीच्या शाळा मंडळाने सप्टेंबर 2013 मध्ये 'इनव्हिजिबल मॅन' शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकली. देशभर निषेध झाला आणि काही दिवसांत मंडळाला तो निर्णय मागे घ्यावा लागला. मॉरिसन यांची पहिली कादंबरी 'द ब्लूएस्ट आय' शाळांतून हटवावी, अशा मागण्या गेली अनेक वर्षे होत आहेत. पुस्तके लोकांच्या हाती राहतात ती मागणारे वाचक असतात म्हणून. तेव्हा माझी विनंती आहे : आपापल्या गावच्या ग्रंथालयात जा, ही पुस्तके आहेत का विचारा, नसतील तर मागणीच्या वहीत त्यांची नावे लिहा. आणि इथे जे शिक्षक बसले आहेत त्यांनी मार्गदर्शिका बाजूला ठेवून वर्गात एकदा ते रंगाच्या कारखान्याचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे.